पब्लिक एनिमीवर श्रवणसत्र कसे घ्यावे

ठाण्याला श्रवणसत्र नवे नाही. पं. राम मराठे यांच्या स्मृत्यर्थ भरणारा संगीत महोत्सव असो, वाचनालयाच्या सभागृहात होणारा नाट्यसंगीताचा कार्यक्रम असो, येथील श्रोत्याला एक तुकडा ऐकावा, मग निवेदकाने चार शब्द बोलावेत आणि पुन्हा पुढचा तुकडा ऐकावा, ही पद्धत अंगवळणी पडलेली आहे. याच पद्धतीने एखाद्या हिप-हॉप गटाचा इतिहास मांडता येतो. त्यासाठी निवेदकाने कोणती तयारी करावी, हे येथे पब्लिक एनिमी या अमेरिकी गटाच्या आधारे सांगितले आहे. हा गट निवडण्याचे कारण असे की, त्याचा इतिहास पुरेसा नोंदलेला आहे आणि त्याच्याविषयी केले जाणारे बहुतेक दावे कानांनी तपासून पाहता येतात.

एक पथ्य सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. ‘प्रभाव’ हा शब्द निवेदनात तेव्हाच उच्चारावा, जेव्हा त्याच्या पाठोपाठ तो प्रभाव ऐकवून दाखवता येईल. ‘या गटाने संगीताचा चेहरामोहरा बदलला’ अशी वाक्ये कोणत्याही गटाविषयी म्हणता येतात, आणि म्हणूनच ती कोणत्याही गटाविषयी काही सांगत नाहीत. संहितेतून अशी वाक्ये काढून टाकली की तासभराच्या कार्यक्रमात किती जागा मोकळी होते, हे करून पाहण्यासारखे आहे.

कोण काय करीत होते

हिप-हॉप गटाची ओळख करून देताना सभासदांची नावे आणि जन्मगावे सांगण्याचा प्रघात आहे; त्याऐवजी कामांची वाटणी सांगावी. गायक आणि साथीदार ही आपली नेहमीची विभागणी येथे पुरत नाही. पब्लिक एनिमीमध्ये चक डी हा मुख्य रॅपर; त्याचा आवाज भारदस्त, सभेत घोषणा द्यावी तसा. फ्लेव्हर फ्लेव्ह गळ्यात मोठे घड्याळ अडकवून त्या भारदस्तपणाला टोचण्या देत फिरणारा. तो केवळ विदूषक आहे असे समजून अनेक निवेदक त्याला एका वाक्यात उरकतात, ते बरोबर नाही. तो अनेक वाद्ये वाजवणारा होता आणि चक डीच्या दोन ओळींमधल्या फटीत त्याचा चिरका आवाज नेमका कोठे पडतो, हे ऐकले तर त्याचे काम लक्षात येते. टर्मिनेटर एक्स हा डीजे, म्हणजे तबकड्या फिरवून आणि घासून आवाज काढणारा. प्रोफेसर ग्रिफ आणि त्याच्यासोबत लष्करी शिस्तीत उभे राहणारे एस-वन-डब्ल्यू हे पथक गाण्यात फारसे नसले, तरी मंचावरच्या देखाव्याचा तो मोठा भाग होता.

या सर्वांच्या मागे ‘बॉम्ब स्क्वाड’ नावाचा निर्मात्यांचा चमू होता. हँक शॉकली, त्याचा भाऊ कीथ शॉकली, एरिक सॅडलर आणि स्वतः चक डी हे त्यातील मुख्य. तासभराच्या सत्रातील निम्मा वेळ या चमूला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पब्लिक एनिमीचे कृष्णवर्णीयांवरील अन्यायाविरुद्धचे राजकीय विचार तत्कालीन अमेरिकेत इतरांनीही मांडले होते. तो आवाज मात्र दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

इतिहास उपनगरापासून सांगावा

हिप-हॉपचा इतिहास ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कने वाजवलेल्या पार्टीपासून सांगण्याची रीत आहे. ती चुकीची नाही, पण आपल्या विषयासाठी त्यावर दोन मिनिटांहून अधिक वेळ खर्च करू नये. पब्लिक एनिमी हा ब्राँक्सचा गट नाही. तो लाँग आयलंडवरील रूझवेल्ट या उपनगराचा आणि त्याच्या आसपासचा आहे, जेथे नोकरदार कृष्णवर्णीय कुटुंबे घरे घेऊन स्थिरावली होती. ठाणे, ऐरोली, नेरूळ येथून रोज मुंबईला जाऊन परतणाऱ्या श्रोत्याला ही भूमिती समजावून सांगावी लागत नाही: सगळे महत्त्वाचे तिकडे शहरात घडते आणि आपण रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, अशी ती जागा.

या उपनगरात हँक शॉकली ‘स्पेक्ट्रम सिटी’ नावाने डीजेंचा फिरता संच चालवीत असे; म्हणजे ध्वनियंत्रणा गाडीत घालायची आणि जेथे समारंभ असेल तेथे जाऊन वाजवायची. गणेशोत्सवाच्या दिवसांत आपल्याकडचे साऊंडवाले जे करतात त्याच्याशी हे काम पुष्कळ जुळते. चक डी त्या वेळी ॲडेल्फी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकत होता आणि या संचासाठी जाहिरातीची पत्रके करीत असे. पुढे गटाचे बोधचिन्ह, म्हणजे बंदुकीच्या नेमाच्या वर्तुळात उभी असलेली माणसाची काळी आकृती, हीही त्याचीच कल्पना. विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू या रेडिओ केंद्रावर ही मंडळी कार्यक्रम करू लागली. तेथे वाजवलेले एक ध्वनिमुद्रण डेफ जॅम या ध्वनिमुद्रण कंपनीच्या रिक रूबिनच्या कानावर गेले आणि त्याने चक डीचा पिच्छा पुरवला. आपले वय आता रॅपर होण्याचे राहिले नाही, असे चक डीला वाटत होते. तो तेव्हा पंचविशी ओलांडून थोडा पुढे गेला होता. करार १९८६ मध्ये झाला आणि ‘यो! बम रश द शो’ हा पहिला अल्बम १९८७ मध्ये आला.

पुढचा टप्पा सांगण्याची अनेकांना घाई होते, परंतु येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी. पहिला अल्बम बाजारात येईपर्यंत एरिक बी. आणि राकिम या हिप-हॉप जोडीचे नवे काम बाहेर पडले होते, आणि ते ऐकल्यावर आपला अल्बम जुना ठरला आहे, ही जाणीव चक डी आणि शॉकली यांना झाली. त्या अस्वस्थतेतून त्यांनी त्याच वर्षी ‘रिबेल विदाउट अ पॉज’ हे गाणे केले. प्रभाव टाकणाऱ्या गटावरही कोणाचा तरी प्रभाव असतो, आणि तो वेळेवर कबूल केल्यामुळेच पुढचे काम झाले, हे या प्रसंगातून दिसते. १९८८ चा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ आणि १९९० चा ‘फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट’ हे दोन अल्बम म्हणजे गटाचा उत्कर्षकाळ. सत्र या तीन-चार वर्षांपुरते मर्यादित ठेवावे. त्यानंतरही गट अनेक दशके चालू राहिला आणि २०१३ मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, एवढे सांगून उरलेला काळ ओलांडून जाण्यास हरकत नाही.

एकच गाणे उकलून दाखवावे

दहा गाण्यांचे दहा तुकडे ऐकवण्यापेक्षा एक गाणे त्याच्या मूळ घटकांसह, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यात घेतलेल्या तुकड्यांसह, ऐकवावे. ‘रिबेल विदाउट अ पॉज’ यासाठी सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याचे दोन मुख्य घटक स्वतंत्रपणे सहज मिळतात.

पहिला घटक जेम्स ब्राउन या अमेरिकी गायकाच्या ‘फंकी ड्रमर’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणातला. मोठ्या आवृत्तीत पाच मिनिटे उलटून गेल्यावर बाकीची वाद्ये थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड हा वादक एकटा ड्रम वाजवतो. श्रोत्यांना हाताने चार मात्रा मोजायला लावावे. मुख्य आघात तबल्याच्या श्रोत्याला ताबडतोब सापडतात. त्यानंतर पुन्हा तोच तुकडा लावून आघातांच्या मधले हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके ऐकायला सांगावे. ठेका भरतो तो त्या हलक्या ठोक्यांनी. हिप-हॉपमध्ये हा तुकडा असंख्य वेळा वापरला गेला आणि स्टबलफील्डला त्या वापराचे मानधन मिळाले नाही, ही माहिती याच ठिकाणी द्यावी. पुढे कॉपीराइटचा विषय येतो तेव्हा ती उपयोगी पडते.

दुसरा घटक जेम्स ब्राउनच्याच वादकांचा, म्हणजे द जे.बी.ज यांच्या ‘द ग्रंट’ या १९७० च्या रचनेचा. तिच्या अगदी आरंभी सॅक्सोफोन वर चढत किंचाळतो. मूळ रचनेत ती किंचाळी क्षणभर येते आणि संगीत पुढे सरकते. हे दोन्ही तुकडे ऐकवून झाल्यावर कोणतेही भाष्य न करता ‘रिबेल विदाउट अ पॉज’ लावावे. ती क्षणभराची किंचाळी येथे पुन्हा पुन्हा येत राहते, चढते आणि कोठेही उतरत नाही; मूळ संगीतकाराने जो स्वर सोडून दिला होता तोच येथे धरून ठेवला आहे. सभागृहातील कोणीतरी कपाळाला आठ्या घालील. ती आठी योग्य आहे. हा आवाज त्रासदायक व्हावा म्हणूनच असा रचला गेला, हे निवेदकाने त्या आठीकडे पाहून सांगावे.

यानंतर यंत्राविषयी थोडे बोलावे. त्या काळी वापरात असलेल्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणांचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, सारे मिळून सुमारे १० सेकंदांचाच आवाज मावत असे, आणि एका तुकड्याला अडीच सेकंदांच्या आसपास मर्यादा होती. म्हणून तबकडी मुद्दाम जलद गतीने फिरवून तुकडा आत घ्यायचा आणि नंतर यंत्रावर तो संथ करायचा, अशी युक्ती निर्माते करीत. तसे केल्याने आवाज किंचित खरखरीत होई, आणि ती खरखर पुढे लोकांना आवडू लागली. बॉम्ब स्क्वाडने असे अनेक लहान तुकडे एकावर एक चढवले; त्यांतले काही एकमेकांच्या सुरात नाहीत आणि ते सुरात आणण्याचा प्रयत्नही केलेला नाही. सुरेलपणावर वाढलेल्या श्रोत्याला हे पटेलच असे नाही, पण ऐकू मात्र नक्की येते.

१९८८ च्या अल्बममध्ये गाण्यांच्या मध्ये जो जमावाचा गलका ऐकू येतो, तो नोव्हेंबर १९८७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन येथे झालेल्या प्रयोगाचा आहे. अल्बमचा आरंभ त्याच गलक्याने आणि भोंग्याच्या आवाजाने होतो. सत्राची सुरुवातही याच तुकड्याने करावी, प्रास्ताविक नंतर.

१९८९ आणि १९९१

दोन अडचणीचे विषय टाळता येत नाहीत. मे १९८९ मध्ये प्रोफेसर ग्रिफने एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत ज्यू लोकांविषयी द्वेषपूर्ण विधाने केली. गटाची भूमिका त्यानंतर अनेक वेळा बदलली, ग्रिफ बाहेर पडला, आणि काही वर्षांनी परतही आला. मुलाखतीचे हे प्रकरण ‘फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट’च्या आधी घडले, म्हणून कालक्रमात तेथेच, तीन-चार मिनिटांत, सारवासारव न करता सांगावे. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या गटातील माणूस दुसऱ्या समाजाविषयी असे बोलला, ही गोष्ट निवेदकाने लपवली तर ती प्रश्नोत्तरांत एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी मोबाइल पाहून मांडतोच, आणि मग बाकीच्या निवेदनावरचाही विश्वास उडतो.

दुसरा विषय न्यायालयाचा. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने बिझ मार्की या दुसऱ्याच रॅपरविरुद्ध, परवानगी न घेता गाण्याचा तुकडा वापरल्याबद्दल निकाल दिला. पब्लिक एनिमीचा त्या खटल्याशी थेट संबंध नव्हता, परंतु परिणाम दूरवर पोहोचला. प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे द्यायचे म्हटल्यावर एका गाण्यात डझनभर तुकडे चढवणे परवडेनासे झाले. १९८८ चा तो आवाज नंतर फारसा ऐकू येत नाही, यामागे अभिरुचीइतकाच हिशेबही आहे. स्टबलफील्डचे उदाहरण येथे पुन्हा काढावे आणि श्रोत्यांना आपसांत वाद घालू द्यावा: ज्याचा ठेका घेतला त्याला काहीच न मिळणे योग्य की अयोग्य? या वादाला दहा मिनिटे गेली तरी ती वाया गेली असे मानू नये.

प्रभाव जोड्यांनी ऐकवावा

आता सुरुवातीच्या पथ्याची कसोटी लागते. मी तीन जोड्या सुचवतो, आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत.

पहिली आइस क्यूबची. एन.डब्ल्यू.ए. हा लॉस एंजेलिसकडचा गट सोडल्यावर त्याने १९९० मध्ये आपला पहिला स्वतंत्र अल्बम न्यूयॉर्कमध्ये बॉम्ब स्क्वाडसोबत केला. एका गाण्यात चक डीही आहे. हे ऐकवताना ‘प्रभाव’ म्हणण्यापेक्षा, तेच कारागीर दुसऱ्याच्या घरी कामाला गेले, असे म्हणणे अधिक खरे. दुसरी जोडी ‘ब्रिंग द नॉइज’ची. मूळ गाण्यात चक डी अँथ्रॅक्स या मेटल बँडचे नाव घेतो. १९९१ मध्ये त्याच बँडने पब्लिक एनिमीसोबत ते गाणे विजेच्या गिटारी घालून पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ही उघड देवघेव आहे आणि ती समजायला तीस सेकंद पुरतात.

तिसरी जोडी माझ्या मते सर्वांत मोलाची. १९८८ च्या अल्बममध्ये ‘ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस’ हे गाणे आहे: सैन्यात भरतीचे सरकारी पत्र आलेला एक कृष्णवर्णीय तरुण नकार देतो, तुरुंगात जातो आणि तेथून निसटण्याचा बेत करतो. त्याखाली आयझॅक हेज या अमेरिकी गायकाच्या एका दीर्घ गाण्यातला पियानोचा तुकडा जड पावलांनी फिरत राहतो. १९९५ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या ट्रिकी या संगीतकाराने हेच शब्द मार्टिना टॉपली-बर्ड या तरुणीकडून गाऊन घेतले. पियानो गेला, गिटारी आल्या, आणि खाली जो ठेका धावतो तो ए. आर. रहमान यांच्या ‘रोजा’तील ‘रुक्मणी रुक्मणी’ या गाण्यातून घेतलेला आहे. आधी ‘रुक्मणी’ची सुरुवात लावावी. ठाण्याच्या सभागृहात ती ओळखायला कोणालाही दोन सेकंदांहून अधिक लागत नाहीत. लगेच ट्रिकी लावावा आणि शेवटी पब्लिक एनिमी. या उलट्या क्रमाने ऐकल्यावर एका गाण्याचे शब्द आणि एका गाण्याचा ठेका कसा कोठे जाऊन बसतो, हे स्पष्टीकरणाशिवाय कळते.

याउलट जी उदाहरणे ऐकवून सिद्ध होत नाहीत ती वेगळी ठेवावीत. निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या अल्बमांच्या हस्तलिखित यादीत १९८८ चा हा अल्बम लिहून ठेवला होता. ही आवडीची नोंद झाली, निर्वाणाच्या गाण्यांत तिचे काय झाले हे तिच्यावरून सांगता येत नाही.

आपल्याकडची गाणी शेजारी ठेवताना

‘अहो, हे तर आपले शाहीरच’ असे कोणीतरी म्हणणारच. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जे केले ते आठवले, तर हे म्हणणे गैर नाही. कलगी-तुऱ्यातील सवाल-जवाबही आठवतील. निवेदकाने साम्य मान्य करावे आणि तेथेच थांबावे. रूझवेल्टमधील मंडळींनी शाहिरी ऐकली नव्हती आणि शाहिरांना सॅम्पलर ठाऊक नव्हता. दोन ठिकाणी सारखी गरज निर्माण झाली, एवढेच या साम्यावरून म्हणता येते.

मुंबईतील ‘स्वदेशी’ या गटाबाबतही हीच सावधगिरी बाळगावी. या गटातील रॅपर मराठी, हिंदी, गुजराती अशा आपापल्या भाषांत रॅप करीत आले. त्यांतील गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड २०२२ मध्ये अगदी तरुण वयात गेला. आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेले या गटाचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे आरे जंगलातील आदिवासींच्या प्रश्नावर आहे, आणि त्याचे नाव १९४५ मध्ये सुरू झालेल्या वारली उठावाची आठवण देते. तो उठाव तलासरी, डहाणू या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील भागांमध्ये झाला. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. ठाणेकर श्रोत्यांपुढे हे गाणे अवश्य वाजवावे, पण पब्लिक एनिमीचा वारसा म्हणून नव्हे. कलाकारांनी स्वतः कोणाचे ऋण सांगितले असेल तर तेवढेच सांगावे, अन्यथा ते गाणे त्याच्या स्वतःच्या इतिहासासह ऐकू द्यावे.

सभागृह, यंत्रणा आणि वेळ

गृहसंकुलाच्या क्लब हाऊसमध्ये गुळगुळीत फरशी आणि काचा असतात. तेथे बॉम्ब स्क्वाडचा आवाज घुमून नुसता गोंगाट होतो आणि तुकडे वेगळे ऐकू येत नाहीत. सतरंज्या अंथरल्या आणि पडदे ओढले तर मोठा फरक पडतो. लहान ब्लूटूथ स्पीकरवर हे सत्र घेऊ नये. दोन बऱ्यापैकी स्पीकर भाड्याने आणावेत आणि बास कमी ठेवावा, कारण या गाण्यांतले बरेच काही मधल्या आणि वरच्या पट्टीत घडते. तुकडे आधीच कापून क्रमवार नावे देऊन लॅपटॉपवर साठवावेत. इंटरनेटवरून ऐन वेळी वाजवले की जाहिरात लागते आणि रंगाचा बेरंग होतो.

शब्दांचा मराठी भावार्थ एका पानावर छापून वाटावा. काही गाण्यांत शिव्या आहेत, हे निमंत्रणातच लिहावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये निवासी संकुलातील रहिवाशांच्या सामाईक सभागृहात, तसेच नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्यास सवलत आहे. तिकीट लावायचे किंवा व्यावसायिक जागा घ्यायची असेल तर परवान्याची चौकशी आधी करावी. शनिवारी साडेसहाची वेळ ठेवली तर ट्रान्स-हार्बरने नवी मुंबईहून येणाऱ्यांनाही सोयीचे होते, आणि बोलणे कितीही लांबले तरी रात्री १० च्या आधी ध्वनिक्षेपक बंद करता येतो.

शेवटची वीस मिनिटे कळवा, कोपरखैरणे, घणसोली अशा जवळच्या भागातील एखाद्या तरुण रॅपरसाठी राखावीत. त्याच्याकडून बीटची फाइल दोन दिवस आधी मागवून घ्यावी, कार्यक्रमापूर्वी माइक तपासायला त्याला वेळ द्यावा, आणि मानधनाचे पाकीट मंचावर न देता तो आल्याबरोबर हातात द्यावे.